कानवाल्यांचे बेडूक

…तर काल जिथं सोडलं होतं तिथूनच धरतो. आमचे व्याही रस्त्याच्या कडेला गवतात पालथे पडले होते, डावा कान जमिनीला टेकवून, डोळे मिटून. आणि आमची साडेपाच वर्षांची नात त्यांच्या पाठीवर ऐसपैस बसून केळं खात होती. समोरून फिरायला निघालेल्या एक बाई आल्या. हे दृश्य पाहून त्या जागीच थांबल्या.

"अगं बाळ, आजोबांना काय झालं?"

"काही नाही. ऐकतोय तो."

"काय ऐकतायत?"

"गळती," नात म्हणाली आणि केळ्याचं साल तिनं बाईंच्या हातात दिलं. "हे जरा धरा हं, मला पण ऐकायचंय." आणि उतरून तीही आबांच्या शेजारी पालथी पडली.

बाईंनी साल धरून माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर झाडाखाली काठी टेकून उभा. "एकाच घरातले का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही नाही, मी मुलीकडचा," मी घाईघाईनं म्हणालो. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला नातं होतं त्याहून थोडं लांबचं असावं असंच वाटत होतं.

आता हे व्याही कोण, ते काल जे नव्हते त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. माझी मुलगी ज्यांच्या घरात दिली ते हे. पाणीखात्यात छत्तीस वर्षं चावीवाले. चावी म्हणजे जमिनीखालच्या नळावरचा व्हॉल्व्ह. लांब दांड्यानं तो एकीकडे फिरवला की अमक्या गल्लीला पाणी, उलटा फिरवला की तमक्या गल्लीची बोंब. पण त्यांचं नाव झालं ते चावीनं नाही, कानानं. कमरेएवढा एक लोखंडी गज असायचा त्यांच्याकडे. एक टोक जमिनीवर, दुसरं कानाशी. कमरेत वाकून, मान वाकडी करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "इथं खणा." खणलं की गळती तिथंच, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. खात्यानं एकदा मोठ्या किमतीचं यंत्र आणलं होतं, डोक्याला लावून ऐकायचं. यंत्रानं सांगितलं तिथं खणलं तर धोंडा निघाला. ते यंत्र पुढं कपाटात ठेवलं, आणि कपाट मागच्या भिंतीतल्या गळतीनं कुजलं. ती गळतीही शेवटी व्याह्यांनीच शोधली.

गावानं त्यांना नाव दिलं कानवाले. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचायच्या भानगडीत पडत नसे, "कानवाल्यांचं आहे" म्हणून द्यायचा. हल्ली तोच पोस्टमन फाटकातून बेंबीच्या देठापासून ओरडतो, "का-का, प-त्र!" पण ते का, ते पुढं येईल.

माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते पहिल्यांदा घरी आले तेव्हाची गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस डोळ्यांसमोर येईल. सगळे बसलेले. मी मनात आकडे मांडतोय, की आता हे मुलाचे वडील काय काय मागतात. व्याह्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण तुमच्या न्हाणीघरात मागच्या भिंतीकडं थेंब पडतोय." न्हाणीघर दोन खोल्या पलीकडे, दारं बंद. मी म्हटलं, शक्यच नाही. आमची बायको उठून बघून आली आणि थेंबाखाली ठेवायला बादली घेऊन गेली. लग्न तर ठरलंच, वर पुढच्या रविवारी व्याही पाना घेऊन आले आणि नळ नीट करून गेले. जावयाचा असा बाप दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

तर अशा माणसाच्या गळ्यात निसर्ग पडला. आणि तो पाडला माझ्याच लेकीनं.

लेक शिकलेली. तिनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं की लहान मुलानं रोज तासभर निसर्गात घालवला पाहिजे. मला हसूच आलं. आमच्या खेड्यातल्या शाळेत निसर्ग हा विषय नव्हता. छप्पर उडाल्यामुळे शाळाच निसर्गात होती. मास्तर गणित घालत असताना फळ्यावर सरडा चढायचा, आणि बेरजेचं उत्तर पुसायचं की सरडा उतरायची वाट बघायची, यात मास्तरांचा अर्धा तास जायचा. तेव्हा हे काम माझंच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. पण लेकीनं न्याय केला. एक दिवस नाना, म्हणजे मी. एक दिवस आबा, म्हणजे व्याही.

"आबा?" मी म्हणालो. "अगं, तुझ्या सासऱ्यांना झाड आणि खांब यातला फरक विचार आधी."

फरक त्यांना ठाऊक होता. खांब नळात मुळं घुसवत नाही. झाड म्हणजे त्यांच्या लेखी नळ फोडणारा इसम. पक्षी म्हणजे टाकीच्या झाकणावर घाण करणारी मंडळी. चंद्र-चांदण्यांविषयी मात्र त्यांचं काही वाईट मत नव्हतं, कारण त्यांच्यातून काही गळत नव्हतं.

माझ्या पहिल्या दिवशी मी नातीला एकवीस झाडं आणि नऊ पक्षी दाखवले. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा गुण, आणि प्रत्येकावरून माझ्या लहानपणची एकेक गोष्ट. परत येताना मोठ्या आशेनं विचारलं, "काय आवडलं सगळ्यात?"

"बाक," ती म्हणाली.

"कुठला बाक?"

"तू दमून गप्प बसलास ना, तो."

दुसऱ्या दिवशी व्याह्यांची पाळी. निसर्ग म्हणून काय दाखवायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून जे ठाऊक होतं ते दाखवलं. गज काढला, तिचं बोट धरलं, आणि टाकीपासून शेवटच्या चावीपर्यंत नळाच्या वाटेनं चालत गेले. "इथं सहा इंची आहे. इथं वळतो. इथं चौघांनी दोन दिवस खणलं होतं." वर बघावं तर नुसता रस्ता! मी मागून मजा बघत चाललो होतो. पण पायांखाली काहीतरी धावतंय आणि ते फक्त आपल्या आबाला ऐकू येतं, याचं पोरीला केवढं अप्रूप. गज कानाला लावला की श्वास रोखून उभी राहायची.

"आबा, तो हसतोय."

"हसत नाही. हवा धरलीय त्यानं."

"हवा धरली की हसू येतं का?"

व्याह्यांनी विचार केला. "येत असेल," म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांना कोणी हे विचारलं नव्हतं.

मग तिनं काय केलं, गज आपणहून उचलला आणि वाटेवरच्या एका वठलेल्या खोडाला लावला. "आबा, आत कोणीतरी खातंय." व्याह्यांनी हसत हसत कान लावला आणि हसू तिथंच थांबलं. आत खरंच करकर करकर चालली होती. भुंग्याची अळी लाकूड पोखरते ना, ती. हा माणूस गज घेऊन उभा जन्म फिरला, पण झाडाला तो कधी लावला नव्हता. बराच वेळ ऐकलं आणि गंभीरपणानं म्हणाले, "हे आपल्या खात्याचं नाही." आणि पुन्हा कान लावला.

त्या दिवसापासून दोघांनी गावात लावायला काही शिल्लक ठेवलं नाही. वारुळाला गज, तारेच्या खांबाला गज, मधमाश्या शिरलेल्या भिंतीला गज. एका झोपलेल्या कुत्र्यालाही लावणार होते, पण कुत्र्यानं नकार कळवला. आठवडाभरात लेकीनं पाळ्या मोडल्या. नात रोज आबांबरोबरच जाऊ लागली, आणि मी, एकवीस झाडांचा धनी, मागून काठी टेकत जाऊ लागलो. तिला तहान लागली तर पाण्याची बाटली माझ्याकडे असायची, एवढाच माझा मान.

आता त्या पालथ्या पडण्याकडे येतो.

गावाच्या टोकाला, जुन्या वीटभट्टीच्या भिंतीमागं शेवटची चावी आहे. तिच्या पुढं नळ जरा चढतो आणि एकाच घराला जातो. ते घर व्याह्यांचं. दिवस उन्हाळ्याचे, सगळीकडे गवताचं काड झालेलं, आणि त्या चावीपलीकडं, पडक्या विटांच्या ढिगाआड, खाटेएवढा तुकडा हिरवागार. मी आपला म्हणालो, "वा! काय हिरवळ आहे!" व्याही मटकन खाली बसले. मग आडवे झाले. ते आडवे झाले तेव्हा त्या बाई आल्या, साल घेऊन गेल्या, ते सांगून झालंय. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "जोड गेलाय. दाभणाएवढी धार आहे. चार हात खाली." लगेच खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून खात्याला अर्ज लिहिला, तारीख घातली, सही केली. गळती दिसली आणि दुसऱ्या दिवसावर गेली असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

आणि नात तिकडून ओरडली, "आबा, पाण्याला डोळे आहेत!"

हिरवळीच्या मध्ये परातीएवढं डबकं साचलं होतं. त्यात बुळबुळीत घोस, आणि घोसात काळे ठिपके. व्याही वाकून बघतच राहिले. "नळातून कचरा येतोय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की मला राहवेना.

"अहो व्याहीबुवा, बेडकाची अंडी आहेत ती! तुमच्या धारेला पाऊस समजून कोणी बेडकी फसलीय."

दहा दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं. मी मग सोडतो का? सगळं सांगितलं. अंड्यांतून शेपटीवाली काळी पिल्लं निघतात, मग मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपटी आत जाते, मग उडी. नात माझ्या तोंडाकडे बघत होती, बाक विसरून. व्याह्यांनी विचारलं, "किती दिवस लागतात?"

"दीड महिना तरी धरा."

"दीड महिना?" व्याही म्हणाले. "जोड बदलायला दोन तास लागतात."

"जोड बदलला की पाणी जाईल?" नातीनं विचारलं.

"जाणारच. त्यासाठीच बदलायचा."

"मग ती कुठं पोहतील?"

यावर व्याह्यांकडं उत्तर होतं. ते तिला घेऊन घरी गेले, काचेची बरणी घासूनपुसून लखलखीत केली आणि नळाखाली काठोकाठ भरली. "हे आपलं पाणी," त्यांनी अभिमानानं सांगितलं. "यात एक जंतू जगायचा नाही." थोडी अंडी आणून त्यात सोडली. सकाळी सगळी पांढरीफटक, बरणीच्या तळाशी. त्यांनी सांगितलं होतं ते अक्षरशः खरं निघालं. मी समजावलं की डबक्यातलं पाणी मातीतून झिरपतं, उन्हात पडून राहतं, त्यातलं औषध उडून जातं. नळाचं ताजं पाणी या जिवांना सोसत नाही. नात रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आबा, तुझं पाणी वाईट आहे?"

खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे विचारायचं नसतं. पण साडेपाच वर्षांच्या माणसाला ते कोण सांगणार?

तो अर्ज घडी घालून व्याह्यांच्या खिशात गेला. रोज सकाळी सदरा बदलला की अर्ज या खिशातून त्या खिशात. खात्यात काही पोचला नाही.

आणि मग सुरू झाला त्यांच्या आयुष्यातला पहिला गुन्हा. बरं, गुन्हेगार म्हणून हा माणूस किती कच्चा! डबक्याकडे जायचं तर चार वेळा मागं वळून बघायचे, त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं तेही बघायला लागायचे. कोणी विचारलं, "काय कानवाले, इकडं कुठं?" तर "कुठं नाही" म्हणायचे आणि तिथंच उभे राहायचे. नात बिनधास्त. ती डबक्याशी उकिडवी बसायची ती तासभर हलायची नाही. अंड्यांतून पिल्लं निघाली तेव्हा मला म्हणाली, "नाना, स्वल्पविरामासारखी आहेत." हा शब्द तिला तिच्या आईनं नुकताच शिकवलेला. पाण्यावर चालणारे किडे तिनं शोधले. एक निळा चतुर रोज एकाच काडीवर येऊन बसतो, हेही तिनंच शोधलं. मी म्हणालो, रोज तोच असतो कशावरून? तर म्हणाली, "तू रोज त्याच झाडाखाली उभा राहतोस, तसा तो." शेवाळावर गाल टेकून पडायची आणि सांगायची, "गार गार वाजतंय." आणि व्याही? त्यांना मी एकदा पकडलं. नात बाटलीसाठी माझ्याकडे आली होती, आणि हे गृहस्थ एकटेच डबक्यावर वाकून एका पिल्लाला सांगत होते, "तिकडं नको जाऊ, तिकडं उथळ आहे."

आता पाणी गळतं म्हणजे कुणाचं तरी कमी होतंच. इथं कुणाचं कमी होत होतं? चावीपुढं घर एकच, ते यांचं. आमच्या विहीणबाई सकाळी नळ सोडायच्या, तर धार सुतासारखी.

"अहो, नळाला पाणी नाही."

"येईल."

"गावाला छत्तीस वर्षं पाणी पाजलंत, आता घरच्या बादलीकडं बघत मी म्हातारी होऊ का?"

"खात्याला लिहून दे," व्याही म्हणायचे, बायको काही लिहायची नाही अशा खात्रीनं. आणि स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ करून खालच्या गल्लीतून दोन बादल्या भरून आणायचे. विहीणबाई मला म्हणाल्या, "भाऊ, यांना काहीतरी झालंय. नळ गळतोय म्हटलं तर पूर्वी ताटावरून उठायचे. परवा न्हाणीघरात थेंब पडत होता, तर म्हणाले, पडू दे, त्यालाही कुणीतरी असेल."

तुम्ही म्हणाल, बाई काही लिहीत नसतात. विहीणबाईंनी लिहिलं. छत्तिसाव्या दिवशी दारात व्याह्यांचा चेला उभा. यांच्या हाताखाली तयार झालेला, आता चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडलेला. यांच्या जागेवर खात्याचा चावीवाला तोच. हातात तक्रारीचा कागद.

"काकू, तुमची तक्रार आलीय."

"येणारच. मीच दिलीय."

व्याही खुर्चीतून अर्धे उठले. "तू तक्रार केलीस? माझ्या खात्याकडं?"

"पाच वेळा तुम्हाला सांगितलं. पाचही वेळा म्हणालात, लिहून दे. दिलं लिहून."

चेला हळूच म्हणाला, "काका, मी दोनदा लाईन फिरलो. मला काही लागत नाही. माझा कान तुमच्यासारखा नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एकदा येऊन बघा. नाहीतर साहेब म्हणतात, परवा शेवटची चावी खणूनच काढू."

परवा! मी आणि नातीनं एकमेकांकडे पाहिलं. सकाळीच बघून आलो होतो. मागचे पाय सगळ्यांना, पुढचे फक्त तिघांना, आणि शेपट्या अजून जशाच्या तशा. आठवडा तरी हवा होता.

गेलो आम्ही सगळे चावीपाशी. विटांच्या ढिगाआडचं डबकं तिथून दिसत नव्हतं. चेल्यानं गज पुसून दोन्ही हातांनी पुढं केला. व्याह्यांनी टोक जमिनीवर टेकलं, कान लावला. त्यांची उजवी भुवई हलली. गळती लागली की ती हलते, हे मला ठाऊक. चेल्यालाही ठाऊक असणार, पण तो बिचारा आदरानं खाली बघत होता.

"काका, काय आहे?"

व्याह्यांनी तिरक्या नजरेनं खाली पाहिलं. नात त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी. शेवटी म्हणाले, "बेडूक आहेत."

"बेडूक? बस, मग मला तोच आवाज येत होता! म्हणजे लाईन ठीक?"

व्याह्यांनी पुन्हा कान लावला. "बेडूक बरेच आहेत," म्हणाले.

चेल्याचा चेहरा उजळला. तिथंच चावीच्या झाकणावर कागद ठेवून त्यानं लिहिलं, 'लाईन ठीक', आणि खाली स्वतःची सही केली. "काका म्हणाले म्हणजे संपलं. साहेबांना मी बघून घेतो."

घराशी आल्यावर व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. "मी खोटं बोललो का हो?"

"नाही. बेडूक आहेतच."

"त्यानं बेडकांचं विचारलं नव्हतं."

"मग जा, सांगून या. अजून कोपऱ्यावर असेल तो."

ते कोपऱ्याकडे बघत राहिले. चेला गज खांद्यावर टाकून शीळ घालत चालला होता. "सही त्यानं केलीय," व्याही म्हणाले. "माझ्या शब्दावर केलीय." आणि घरात निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी गज हातात धरला नाही. नात म्हणाली, "आबा, ऐकू या ना," तर म्हणाले, "तू ऐक आणि मला सांग."

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तर डबकं रिकामं. पोरीचा चेहरा कसानुसा झाला. मीही जरा घाबरलो, बगळा येऊन गेला की काय. तेवढ्यात ती कुजबुजली, "आबा, हलू नको. तुझ्या बुटावर आहे."

नखाएवढा बेडूक. अंगाला अजून पाण्याची चमक, शेपटीच्या जागी नुसतं टोक. मग शेवाळावर दुसरा दिसला, गवताच्या काडीला लटकलेला तिसरा, आणि एकदा नजर बसल्यावर काय, अख्खी जमीनच उड्या मारत होती. चतुर आपल्या काडीवर बसून हा गोंधळ बघत होता. व्याही एका पायावर भार देऊन अर्धा तास पुतळ्यासारखे उभे. मुंगी चढली, घाम आला, पण बूट हलवला नाही. मी एकवीस झाडं सांगणारा माणूस. त्या अर्ध्या तासात मलासुद्धा बोलायला काही सुचलं नाही, यावरून काय ते समजा. बुटावरचा बेडूक शेवटी आपल्या मर्जीनं उतरला.

नातीनं डबक्यात हात घालून तळ चाचपला. "संपले," म्हणाली. "आबा, आता तू तुझं काम कर."

त्यांनी खिशातला तो पंचेचाळीस दिवसांचा अर्ज काढला, तारीख बघितली आणि फाडला. नवीन कागदावर तेच शब्द पुन्हा लिहिले, आजची तारीख घातली आणि स्वतः खात्यात जाऊन देऊन आले. दुपारी खणायला माणसं आली. चार हात खाली, त्यांनी सांगितलं होतं तिथंच जोड निघाला. चेला खड्ड्यात उतरून काम बघत होता, आणि काठावर साहेब. साहेब तरुण, बोलायला सभ्य, पण डोळे चांगले होते त्यांचे. गंजलेला जोड पाहिला, बोटभर जाड शेवाळ पाहिलं, भोवतीचं गवत पाहिलं.

"ही काही कालची गळती नाही," साहेब म्हणाले. "दीड महिना तरी झालाय." मग खड्ड्यात वाकून चेल्याला विचारलं, "आणि नऊ दिवसांपूर्वी तुम्ही सही करून दिलीत, लाईन ठीक. इथं न येताच लिहिलंत का?"

चेल्याची टाळू लाल झाली. त्यानं वर व्याह्यांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "चूक झाली साहेब," एवढंच म्हणाला. काकांचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

"चूक म्हणून कसं चालेल? मला वर लेखी द्यावं लागेल."

आणि आमच्या नातीला हे सहन होईना. आबांच्या माणसाला कोणी बोलतंय! ती पुढं झाली आणि ठसक्यात म्हणाली, "तो इथं आला होता! आणि आबानं ऐकलं होतं! माझ्या आबाला सगळं ऐकू येतं!"

फावडी थांबली. मी काठी घट्ट धरली. साहेब व्याह्यांकडे वळले. आता हो म्हणावं, तर कानवाल्यांनी जाणूनबुजून खात्याला फसवलं आणि चेल्याला त्यात ओढलं. नाही म्हणावं, तर कानवाल्यांचा कान गेला. आणि कान गेल्यावर कानवाल्यांचं उरलं काय? तेवढ्यात मातीच्या ढिगाऱ्यापलीकडं गवतात कुठंतरी टप् झालं. नखाएवढा बेडूक उडी मारून खाली पडला तर किती आवाज होतो? तिथं आठ माणसं होती. एकाचीच मान तिकडं वळली. त्यांची.

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव मी खात्यात आल्यापासून ऐकतोय. तुम्ही त्या दिवशी इथं आला होता, गज लावला होता. खरं सांगा, तुम्हाला ही गळती ऐकू आली नव्हती?"

व्याह्यांनी एक हात नातीच्या डोक्यावर ठेवला, दुसरा सावकाश कानामागं नेला, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आँ? काय म्हणालात, साहेब? जरा मोठ्यानं बोला!"